मासे पाळणाऱ्यांचें मंडळ आणि सूचनांचा पैसाफंड

कोणतेंहि हौशी मंडळ निघतें तेव्हां त्याचा पहिला महिना दिवाळीसारखा जातो. नांव ठरतें, चिटणीस निवडला जातो, वर्गणी बसते, चहा-फराळ होतो. दुसऱ्या वर्षीं सभेला निम्मीं माणसें येतात आणि तिसऱ्या वर्षीं चिटणीस एकटाच उरतो. मग तो म्हणतो, “लोकांना हौसच नाहीं”, आणि लोक म्हणतात, “मंडळांत कांहीं चालतच नाहीं.” दोघांचीहि तक्रार खरी असते, पण रोगाचें मूळ दोघांच्याहि ध्यानांत आलेलें नसतें. ज्या मंडळांत सभासदाला केवळ ऐकावयाचें असतें तें मंडळ फार दिवस टिकत नाहीं. ज्यांत त्याला विचारलें जातें, आणि विचारल्यावर त्याच्या उत्तराचें कांहींतरी केलें जातें, तेंच टिकतें.

भजनी मंडळ बंद पडलें तर टाळ-मृदंग खुंटीला टांगून ठेवतां येतात. वाचनमंडळ मोडलें तर पुस्तकें कपाटांत राहतात. परंतु घरीं मासे पाळणाऱ्यांचें मंडळ मोडलें तर मासे कोठें टांगावयाचे? हौस ओसरली कीं टाकींतले मासे एक तर मरतात, नाहीं तर बादलींत घालून जवळच्या ओढ्यांत, तळ्यांत किंवा नदींत सोडले जातात. मावळांत हा दुसरा प्रकार पहिल्याहूनहि वाईट आहे. तो कां, तें पुढें येईलच.

लोणावळें, खंडाळें, कामशेत, वडगांव, तळेगांव या पट्ट्यांत ज्या घरांच्या दिवाणखान्यांत कांचेची टाकी आहे, त्यांनीं एकत्र येऊन मंडळ कसें काढावें, आणि कोठें आधींच चार घरें एकत्र आलीं असतील तर त्यांनीं आपलें मंडळ कसें सुधारावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

तळेगांवचा धडा

या कामीं मावळांतल्या वाचकाला लांबचें उदाहरण शोधावें लागत नाहीं. तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं पैसाफंडाचा कांच-कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांची मूळ कल्पना अगदीं साधी होती : एखाद्या धनिकापुढें हात पसरण्याऐवजीं घरोघर जाऊन प्रत्येकाजवळ एकच पैसा मागावयाचा. लोकमान्य टिळकांनीं ही कल्पना उचलून धरली, आणि पैशापैशानें सांठलेल्या त्या निधींतून स्वदेशी कांच तयार करण्याचा उद्योग मावळच्या मातींत सुरू झाला. एका पैशाची किंमत त्या काळींहि फारशी नव्हती. परंतु ज्यानें तो दिला त्याला कारखाना आपला वाटूं लागे, आणि हें आपलेपण हजार रुपयांच्या एका देणगीनें विकत मिळत नसतें.

माशांची टाकी कांचेचीच असते. तेव्हां हा कांचेच्या गांवचा धडा आपल्या मंडळाला लागू करावयास हरकत नाहीं. वर्गणीबरोबर प्रत्येक सभासदाकडून वर्षाकांठीं निदान एक सूचना गोळा करावी. एका हुशार माणसाच्या पन्नास सूचनांवर चाललेलें मंडळ त्या एका माणसाचें होतें आणि त्याची बदली झाली कीं संपतें. पन्नास माणसांच्या एकेका सूचनेवर चाललेलें मंडळ सर्वांचें होतें.

मुंबईची आठ माणसें

दुसरें उदाहरण मुंबईचें. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्यें आठ गृहस्थ जमले आणि त्यांनीं सृष्टिनिरीक्षणाची हौस असणाऱ्यांचें एक मंडळ काढलें. त्या आठांत दोघे आपले होते : प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि डॉ. सखाराम अर्जुन. महिन्यांतून एकदां जमावें, आपण पाहिलेलें एकमेकांस सांगावें आणि जमविलेले नमुने एकमेकांस दाखवावे, एवढाच त्यांचा मूळ हेतु होता. पुढल्याच वर्षीं फिप्सन नांवाच्या व्यापाऱ्यानें आपल्या दुकानांतली एक खोली त्यांना बसावयास दिली, आणि १८८६ पासून त्यांचें नियतकालिक निघूं लागलें. तीच पुढें जगभर नांवाजलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी झाली.

या मंडळाच्या आरंभांत व्याख्यानाला फारशी जागा नव्हती. प्रत्येकानें कांहींतरी हातांत घेऊन यावयाचें, हाच परिपाठ होता. आपल्या मंडळानेंहि हेंच करावें. कोणी पानवनस्पतीची फांदी आणावी, कोणी पिल्लें झालेल्या माशाची हकीकत आणावी, कोणी मेलेल्या माशाच्या कल्ल्यांवर काय दिसलें तें लिहून आणावें. हातांत वस्तु असली म्हणजे लाजाळू माणसालाहि बोलतां येतें.

विचारावें कसें

सभेच्या शेवटीं अध्यक्षांनीं घड्याळाकडे पाहत “कोणाच्या कांहीं सूचना?” असें विचारलें तर उत्तर येत नाहीं. येऊं नये अशीच त्या प्रश्नाची रचना असते. प्रश्न नेमका पाहिजे. “गेल्या महिन्यांत आपल्या टाकींतला कोणता मासा मेला, आणि आपल्या मतें कशानें?” “मंडळाकडे कोणती एक वस्तु असती तर आपला त्रास कमी झाला असता?” “आपण सभेला आलां नाहीं तें कां?” अशा प्रश्नांना प्रत्येकाजवळ उत्तर असतें, आणि त्या उत्तरांतच सूचना दडलेली असते.

दुसरें असें कीं, सूचना सभेपूर्वीं आणि चिठ्ठीवर लिहून घ्याव्या. नांव घालण्याची सक्ती नसावी. आपल्या एकत्र कुटुंबांत टाकी आणतात दादा, तिचें कौतुक सांगतात काका, आणि ती पुसण्याचें व पाणी बदलण्याचें काम बहुधा वहिनींच्या वांट्याला येतें. टाकीचें खरें ज्ञान त्यांच्याजवळ असतें. पण मामंजी सभेला बसले असतां त्या “आपण फार खाणें घालतां” असें उठून म्हणणार नाहींत. चिठ्ठींत लिहितील. मुलांचेंहि तसेंच. सकाळीं उठल्याबरोबर टाकीपाशीं जाऊन बसणारा दहा वर्षांचा मुलगा माशाची हालचाल जितकी बारकाईनें पाहतो तितकी मंडळाचा अध्यक्षहि पाहत नाहीं. म्हणून दर घरामागें एक चिठ्ठी न घेतां दर माणसामागें एक घ्यावी.

तिसरें, आलेल्या चिठ्ठ्यांचे तीन भाग करावे : पैशाशिवाय याच महिन्यांत करण्याजोग्या, पैसे लागणाऱ्या, आणि न करण्याजोग्या. तिसऱ्या भागांतल्या सूचनाहि सभेंत वाचाव्या आणि त्या कां घेतल्या नाहींत तें सांगावें. नाकारलेल्या सूचनेचा राग येत नाहीं. न वाचलेल्या सूचनेचा येतो. स्वीकारलेल्या प्रत्येक सूचनेपुढें एका माणसाचें नांव आणि एक तारीख लिहावी. “मंडळानें करावें” असें लिहिलेलें काम कोणीच करीत नाहीं.

चौथें, प्रत्येक सूचना महिनाभर करून पाहावी आणि जें झालें तें वहींत नोंदवावें. या छंदाचा इतिहासच असा आहे. १८५० सालीं लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें एका मोठ्या कांचपात्रांत दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पति ठेवली. वनस्पतीनें प्राणवायु द्यावा व माशांनीं तो घ्यावा अशी त्याची योजना. योजना बरी होती, पण कुजणाऱ्या पानांनीं पाणी घाण होऊं लागलें. तेव्हां त्यानें पात्रांत गोगलगायी सोडल्या. त्यांनीं तीं पानें खाल्लीं आणि पाणी स्वच्छ राहिलें. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द गॉस नांवाच्या निसर्गाभ्यासकाच्या पुस्तकानें १८५४ सालीं रूढ केला. पण त्याच्यामागें ही अशी ‘करून पाहिलें, चुकलें, सुधारलें’ हीच पद्धत होती. आपल्या वहींतहि फसलेल्या प्रयोगाला तितक्याच मानाची जागा असावी.

मावळच्या पाण्याला शोभेल असें

पुस्तकांत लिहिलेले नियम सर्वत्र सारखे असले तरी पाणी सर्वत्र सारखें नसतें. लोणावळ्याला वर्षाकांठीं साधारणतः चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तळेगांवापर्यंत येतां येतां तो पुष्कळच कमी होतो. घाटमाथ्याचें पाणी पावसाचें आणि काळ्या कातळावरून वाहून आलेलें, म्हणून मऊ. पूर्वेकडच्या विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी त्यामानानें जड. मऊ पाण्याला आम्लता सांवरून धरण्याची शक्ति कमी असते. टाकींत घाण सांचली कीं तें पाणी एकाएकीं आंबट होतें आणि मासे दगावतात. अशा टाकींत शिंपल्यांचे थोडे तुकडे ठेवले तर ते हळूहळू विरघळून पाण्याला स्थिरता देतात. उलट जड पाण्याच्या घरांत हेच करण्याचें कारण नाहीं. म्हणजे लोणावळ्याच्या सभासदाची सूचना तळेगांवच्या सभासदाला जशीच्या तशी लागू पडणार नाहीं. आणि हें मंडळाच्या वहीवांचून कळणारहि नाहीं. म्हणून पहिली करण्याजोगी गोष्ट अशी कीं, पाणी तपासण्याचा एक संच मंडळानें सामाईक पैशानें घ्यावा आणि तो घरोघर फिरवावा.

दुसरी गोष्ट नव्या सभासदांची. टाकी आणली त्याच दिवशीं दहा मासे सोडले, आणि पंधरा दिवसांत निम्मे मेले, ही हकीकत कोणत्याहि गांवांत ऐकूं येते. याचें कारण दुकानदाराचा दुष्टपणा क्वचितच असतें. माशांच्या मलमूत्रापासून पाण्यांत अमोनिया तयार होतो व तो विषारी असतो. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्या अमोनियाचें नायट्राइट करतात, तेंहि विषारीच. दुसरे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात, तें बरेंच निरुपद्रवी. हे दोन्ही प्रकारचे जंतु टाकींतल्या वाळूवर व गाळणींत वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. तोंपर्यंत मासे थोडे, खाणें अगदीं थोडें, आणि पाण्याची चौथाई आठवड्याला बदललेली, असें ठेवावें लागतें. यावर एक फार सोपी सूचना आहे : जुन्या सभासदानें आपल्या मुरलेल्या गाळणींतला स्पंजाचा एक तुकडा नव्या सभासदाला द्यावा. विरजणासाठीं शेजारीण वाटीभर दहीं देते, तसाच हा व्यवहार. त्या तुकड्याबरोबर जंतुहि जातात आणि नवी टाकी लवकर मुरते. अट एकच कीं, देणाऱ्याच्या टाकींत रोग नसावा.

नळाच्या पाण्यांतलें क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतें आणि गाळणींतल्या जंतूंनाहि मारतें. पाणी रात्रभर उघड्या बादलींत ठेवलें तर तें बहुतेक उडून जातें. घाई असेल तर ‘हायपो’चे चार थेंब त्यावर उतारा होय. परंतु पावसाळ्यांत गढूळ पाण्यामुळें क्लोरीनचें प्रमाण वाढविलें जातें, तेव्हां नेहमींचें माप पुरत नाहीं. ज्या सभासदाच्या नाकाला तो वास आधीं येईल त्यानें इतरांना त्याच दिवशीं कळवावें, एवढी व्यवस्था मंडळानें केली तरी पुष्कळ मासे वांचतील.

तिसरी अडचण वीज आणि थंडी. मुसळधार पावसांत तास-तास वीज जाते, हवेचा पंप थांबतो, आणि दाट भरलेल्या टाकींतले मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंड उघडूं लागतात. अशा वेळीं खाणें बंद ठेवून तांब्यानें पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओतावें. धारेबरोबर हवा मिसळते. बॅटरीवर चालणारे दोन पंप मंडळाच्या मालकीचे असले आणि ते कोणाकडे आहेत हें सर्वांस ठाऊक असलें तर आणखीच उत्तम. पौषांत घाटमाथ्यावर रात्री चांगल्या गारठतात. पंचवीस अंशांच्या पाण्याची संवय असलेल्या माशांना तें बाधतें. वीज नसतां टाकीभोवतीं जाड घोंगडी गुंडाळली तर ऊब कांहीं तास टिकते. ही युक्ति कोणत्याहि पुस्तकांतून न घेतां घरांतल्या आजीच सुचवतील.

मनूचा मासा

शतपथब्राह्मणांत मनूची कथा आहे. हात धुण्याच्या पाण्यांत त्याला एक लहानसा मासा सांपडला; “माझें रक्षण कर, मी तुझें करीन” असें तो म्हणाला. मनूनें त्याला घटांत ठेवलें. घट पुरेना तेव्हां खड्डा खणून त्यांत ठेवलें, आणि तोहि पुरेना तेव्हां समुद्राला नेऊन सोडलें. पुढें प्रलय आला व त्या माशानें मनूची नाव ओढून नेली. घरीं मासा पाळण्याचें याहून जुनें वर्णन क्वचितच असेल. आणि त्यांतला पहिला धडा व्यवहाराचा आहे : मासा वाढतो, भांडें वाढत नाहीं.

दुकानांत बोटभर दिसणारा सोनेरी मासा नीट पाळला तर वीतभर होतो व दहा वर्षांहून अधिक जगतो. वाटोळ्या कांचेच्या भांड्यांत त्याला ठेवणें हा त्याच्यावर अन्याय आहे. टाकीची कांच चाटून शेवाळ खातो म्हणून आणलेला सकर मासा दीड फुटापर्यंत जातो. म्हणून मंडळानें प्रत्येक माशाची पूर्ण वाढ किती, आयुष्य किती, आणि त्याला किती पाणी लागतें याचा एक तक्ता करून ठेवावा. आणि “मोठा झाला, आतां ठेववत नाहीं” असें ज्याच्यावर येईल त्याच्याकडून तो मासा परत घेण्यासाठीं एक मोठी सामाईक टाकी एखाद्या शाळेंत किंवा वाचनालयांत ठेवावी. आमच्या मतें कोणत्याहि मत्स्यमंडळाची ही सर्वांत महत्त्वाची सोय होय. कारण ती नसली कीं मनूच्या कथेचा शेवट लोक चुकीचा वाचतात आणि मासा नदींत नेऊन सोडतात. मनूनें सोडलेला मासा त्याच पाण्यांतून आला होता. आपल्या टाकींतला मासा बहुधा दक्षिण अमेरिकेंतून किंवा आग्नेय आशियांतून आलेल्या जातीचा असतो.

नदी कोणाची

लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूस इंद्रायणीचा उगम आहे. तें पाणी कामशेतवरून देहूस, तेथून आळंदीस, आणि तुळापुराशीं भीमेस मिळतें. भीमा उजनीच्या जलाशयांतून पुढें पंढरपुरास चंद्रभागा होऊन जाते. एवढेंच नव्हे, तर टाटांच्या वीजयोजनेनें १९१५ पासून लोणावळ्याच्या तलावांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस उतरविलें आहे, आणि तें पाताळगंगेंतून पश्चिम समुद्राकडे जातें. म्हणजे लोणावळ्यांत कोणी एक बादली ओतली तर तिचें पाणी वारकऱ्यांच्या वाळवंटाकडेहि जाईल आणि कोंकणाकडेहि. असें माथ्यावरचें घर असणें ही जबाबदारी आहे.

या पाण्यांत मुळांत काय आहे? इंद्रायणीच्या माशांची जी पाहणी २०१२ सालीं प्रसिद्ध झाली तींत पन्नासाहून अधिक जाती नोंदल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येक पश्चिम घाटाबाहेर आढळत नाहींत. खंडाळ्याच्या ओढ्यांतला, खडकाला चिकटून राहणारा एक बोटभर मासा शास्त्राला प्रथम १९१९ सालीं ज्ञात झाला. कर्नल साइक्स यांनीं १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचें वर्णन केलें तेव्हां पुष्कळ जातींना इथल्या कोळ्यांच्या तोंडचींच नांवें शास्त्रीय नांव म्हणून दिलीं. आजहि जगांतला कोणीहि मत्स्यशास्त्रज्ञ आपला मळ्या मासा ‘मुल्ल्या’ आणि शिंगटी ‘सींगटी’ याच नांवानें ओळखतो. अशा पाण्यांत परका मासा शिरला तर काय होतें याचें उदाहरण जवळच आहे. भीमेवरच्या उजनी जलाशयांत टाकींतला तो सकर मासा मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊं लागला आहे. त्याला बाजारांत किंमत नाहीं, आणि त्याच्या कांट्यांनीं जाळीं मात्र फाटतात. कोणाच्या तरी दिवाणखान्यांतून निघालेली ती दया दुसऱ्या कोणाच्या तरी चुलीवर येऊन पडली.

येथें कोणी म्हणेल, परका मासा वाईट, पण आपला चांगला मासा सोडला तर? याचें उत्तर लोणावळ्यांतच आहे. साइक्स यांनीं मुळा-मुठेंतून वर्णिलेला निळ्या पराचा महासीर, ज्याच्या शास्त्रीय नांवांत ‘खुद्री’ हा शब्द आहे, विसाव्या शतकांत धरणें व बेसुमार मासेमारी यांमुळें दुर्मिळ होऊं लागला. १९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुळकर्णी आणि टाटांच्या वीजकंपन्या यांनीं लोणावळ्यास त्याची कृत्रिम पैदास यशस्वी करून दाखविली. वळवणच्या केंद्रांत मादीचीं अंडीं काढून वाहत्या पाण्याच्या तबकांत उबविलीं गेलीं आणि लक्षावधि पिल्लें वाढविलीं गेलीं. पन्नास वर्षांच्या या चिकाटीचा आनंद मानावा तितका थोडा. जी जात एके काळीं संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली होती ती २०२० च्या सुमारास त्या वर्गांतून निघून ‘कमी चिंते’च्या वर्गांत आली.

परंतु याच पिल्लांपैकीं कांहीं दक्षिणेंत कावेरीस नेऊन सोडण्यांत आलीं. हेतु उत्तम होता. कावेरींत मात्र तिची स्वतःची, पाठीवर कुबड असलेली महासीराची प्रचंड जात होती. लोणावळ्याचा पाहुणा तेथें वाढला आणि घरची जात झपाट्यानें घटली, असें २०१५ सालच्या संशोधनांतून दिसून आलें. २०१८ सालीं तिची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. एकच मासा, एका नदींत वांचविलेला आणि दुसऱ्या नदींत त्रास देणारा. विद्वानांच्या हातूनहि जें झालें तें आपल्या बादलीनें होऊं नये, एवढी काळजी तरी आपण घ्यावी. म्हणून मंडळाच्या नियमांत पहिलाच नियम असा असावा कीं, टाकींतला मासा, गोगलगाय किंवा वनस्पति, जिवंत असो वा मेलेली, वाहत्या अगर सांठलेल्या नैसर्गिक पाण्यांत जाणार नाहीं. आणि टाकींतलें बदललेलें पाणी बागेंतल्या झाडांना घातलें जाईल. त्या पाण्यांतलें नायट्रेट झाडांना खतच होतें.

छंद्यांनीं वांचविलेला मासा

मासे पाळणाऱ्यांच्या मंडळांनीं नुकसानच टाळावें, याहून अधिक कांहीं त्यांच्यानें होणार नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. मेक्सिकोंत तेउचित्लान नांवाची एक लहानशी नदी आहे. तिच्यांतला ‘तेकिला’ नांवाचा दोन-अडीच इंची मासा विसाव्या शतकाच्या अखेरीस निसर्गांतून नाहींसा झाला. तो जगांत उरला तो हौशी लोकांच्या टाक्यांत व प्राणिसंग्रहालयांत. १९९८ सालीं एका इंग्रज छंदी गृहस्थानें चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयांतून कांहीं जोड्या मेक्सिकोच्या मिचोआकान विद्यापीठांत पोंचविल्या. तेथें त्यांची पैदास झाली, नदीची सफाई झाली, गांवांतल्या मुलांना त्या माशाची ओळख करून देण्यांत आली, आणि मग तो आपल्याच नदींत परत सोडला गेला. २०२१ पर्यंत तो तेथें स्थिरावला. कोणी एक मनुष्य घरच्या टाकींत वर्षानुवर्षें नीट नोंदी ठेवून शुद्ध वंश संभाळीत राहिला नसता तर परत सोडावयास मासाच उरला नसता.

मावळांतल्या मंडळालाहि असें काम आहे, पण तें जाळें घेऊन ओढ्यांत उतरण्याचें नव्हे. देशी जातींतले कित्येक मासे वाहत्या, थंड, प्राणवायूनें भरलेल्या पाण्यांतच जगतात. टाकींत ते चार दिवसांत मरतात. त्यांना ओढ्यांतच पाहावें, मुलांना दाखवावें, कोणत्या महिन्यांत कोठें दिसले तें वहींत लिहावें, आणि परका मासा दिसला तर जाणकारांस कळवावें. दहा घरांनीं दहा वर्षें ठेवलेली अशी वही उद्यां एखाद्या संशोधकाला सोन्याच्या मोलाची वाटेल.

पहिली सभा

याला सामग्री फारशी लागत नाहीं. येत्या एखाद्या रविवारीं ज्यांच्या घरीं टाकी आहे अशीं पांच-सात कुटुंबें एका घरीं जमावींत. येतांना प्रत्येकानें आपल्या टाकीचें पाणी एका स्वच्छ बाटलींत आणि आपली सूचना एका चिठ्ठींत आणावी. बाटल्या ओळीनें मांडून पाणी तपासावें. मोठ्यांचें बोलणें चाललें असतां मुलांना आंकडे लिहूं द्यावे. मग चिठ्ठ्या वाचाव्या, तीन भाग करावे, एक सूचना त्या महिन्यासाठीं निवडावी, आणि तिच्यापुढें एक नांव व एक तारीख लिहून उठावें. पुढच्या सभेचा आरंभ त्या एका सूचनेच्या हकीकतीनें व्हावा. ती फसली असली तरी.

असें वर्षभर चाललें तर वहींत बारा सूचना जमा होतील, आणि त्यांतल्या चार-पांच खासच उपयोगी निघतील. पैसाफंडाच्या डब्यांतहि खोटे पैसे पडतच असतील. तेवढ्यावरून कोणी डबा बंद केला नाहीं. चिटणिसांनीं डबा फिरवीत राहावें. आणि सभासदांनीं, विशेषतः ज्या घरांत टाकीचें पाणी कोण बदलतें हें विचारावें लागत नाहीं त्या घरांतल्या भगिनींनीं, त्यांत आपली चिठ्ठी अवश्य टाकावी.